अनिश्चिततेची निश्चित मर्यादा

सुशिक्षित घरांतून हल्लीं एक वाक्य वारंवार कानीं पडतें. विषय प्रारब्धाचा निघो, ज्योतिषाचा निघो, किंवा कोणा नव्या उपचारपद्धतीचा निघो; वाद रंगांत आला कीं मंडळींपैकीं कोणीतरी म्हणतो, "अहो, आतां तर शास्त्रज्ञच कबूल करतात कीं जगांत निश्चित असें कांहींच नाहीं!" पुरावा म्हणून हायझेनबर्ग या जर्मन पंडितांचें नांव पुढें केलें जातें. वडील मंडळी मान डोलावतात. कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकणारा नातू कांहीं बोलूं पाहतो, पण नेमके शब्द न सुचल्यामुळें गप्प बसतो. आणि 'क्वांटम' हा शब्द कोरलेलीं पदकें व लॉकेटें विकणाऱ्यांचें मात्र फावतें.

या वाक्यानें दुहेरी नुकसान होतें असें आम्हांस वाटतें. एक तर शास्त्राविषयीं खोटी समजूत घरांत रूढ होते. आणि दुसरें असें कीं, मनुष्याच्या बुद्धीनें हस्तगत केलेली एक अत्यंत रेखीव गोष्ट गबाळेपणाच्या खात्यांत जमा होते. म्हणून हा अनिश्चिततेचा नियम खरोखर काय सांगतो तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों: हा नियम अज्ञानाची कबुली नव्हे. कोणत्या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहींत, आणि त्यांचें किती प्रमाणांत जमत नाहीं, हें आंकड्यांत सांगणारा तो एक काटेकोर नियम आहे.

नियम समजण्यास आरंभीं गणित नको. पाणी पुरे आहे. ठाण्याहून भिवंडीस जातांना बाळकुम मागें टाकून खाडीचा पूल ओलांडला कीं कशेळी गांव लागतें. आतां गांवाच्या आसपास मालाच्या गोदामांची दाटी झाली आहे. परंतु पुलाखालीं उल्हास नदीची खाडी भरती-ओहोटीचा आपला क्रम पूर्वींप्रमाणेंच पाळीत असते. पाणी संथ असतांना एखादी होडी निघून गेली म्हणजे तिच्यामागें लाटांची रांग उठते. समजा, सारख्या अंतरावर वीस लाटा एकीमागून एक चालल्या आहेत. दोन लाटांमधील अंतर किती, असें कोणी विचारल्यास उत्तर सोपें आहे. सगळ्या रांगेची लांबी मोजावी व विसांनीं भागावें. रांग जितकी लांब, तितकें उत्तर अधिक बिनचूक. परंतु त्याच क्षणीं "ही लाट नेमकी कोठें आहे?" असें विचारल्यास बोट कोठें दाखवावें? ती काठापाशीं आहे, मध्यावर आहे, आणि दोहोंच्या दरम्यान सर्वत्र आहे.

आतां उलट कल्पना करावी. संथ पाण्यावर एकच आंखूड उंचवटा उठला आहे. तो कोठें आहे हें लहान मूलही दाखवील. पण "दोन लाटांमधील अंतर किती?" या प्रश्नास येथें उत्तरच नाहीं, कारण दुसरी लाटच नाहीं! हा दोष आपल्या डोळ्यांचा नव्हे, मोजपट्टीचाही नव्हे. फूरिये या फ्रेंच गणित्यांनीं १८२२ सालच्या आपल्या उष्णतेवरील ग्रंथांत जें गणित मांडलें, त्याच्या आधारें असें दाखवितां येतें कीं, असा आंखूड उंचवटा बनविण्यास निरनिराळ्या लांबीच्या पुष्कळ लाटा एकत्र मिसळाव्या लागतात. आणि उंचवटा जितका आंखूड हवा, तितक्या लांबींची सरमिसळ अधिक. स्थान निश्चित करावें तर लांबी विखुरते; लांबी निश्चित करावी तर स्थान विखुरतें. लाट म्हणून जें जें कांहीं आहे त्याचा हा स्वभावच होय.

ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांनीं हीच गोष्ट कानानें पडताळून पाहावी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, हें संगीतप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. श्रुतींच्या गणितांत ८१ स ८० या प्रमाणाचें एक सूक्ष्म अंतर येतें. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं, तर त्याहून एवढ्या अंतरानें चढा असलेला सूर २४३ आंदोलनांचा होईल. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शांत पहिला सूर ८० आंदोलनें करील व दुसरा ८१; म्हणजे दोहोंत एका पूर्ण आंदोलनाचा फरक पडण्यास तेवढा वेळ जावा लागतो. तोच सूर सेकंदाच्या शंभराव्या हिश्शापुरताच वाजला, तर दोहोंचीं अडीचअडीच आंदोलनेंही पुरीं होत नाहींत. मग भेद दिसणार कशावरून? यासाठींच गवई सूर लांबवितो. उलट टाळी केव्हां वाजली हें अचूक सांगतां येतें, पण ती कोणत्या सुरांत वाजली हें सांगतां येत नाहीं. ताल देण्यास टाळी आणि सूर धरण्यास तंबोरा, ही आपल्या संगीतांतील वांटणी सृष्टिनियमास धरूनच झाली आहे.

येथवर सर्व कांहीं लाटांपुरतें झालें. यांत कोणास नवल वाटण्याचें कारण नव्हतें. नवल पुढेंच आहे. १९२४ सालीं द ब्रॉय या तरुण फ्रेंच संशोधकांनीं पॅरिसच्या विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत असें प्रतिपादन केलें कीं, प्रकाशाप्रमाणें द्रव्याच्या कणांसही लाटेचें अंग आहे. आणि कणाचा संवेग, म्हणजे त्याचें वस्तुमान व वेग यांचा गुणाकार, जितका अधिक, तितकी त्याची लाट आंखूड. १९२७ सालीं अमेरिकेंत डेव्हिसन व जर्मर यांनीं निकेल धातूच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉन सोडून त्या लाटांचा प्रत्यक्ष पुरावा दिला. एकदां हें मान्य केलें कीं कशेळीच्या खाडींतील गोष्ट द्रव्यासही लागू पडते. लाटेची लांबी म्हणजेच संवेग. तेव्हां कणाचें स्थान जितकें आवळावें, तितका त्याचा संवेग विखुरतो.

त्याच १९२७ सालीं पंचविशींत असलेल्या वेर्नर हायझेनबर्ग यांनीं कोपनहेगन येथें राहून हा विचार शब्दबद्ध केला, व केनर्ड यांनीं त्याच वर्षीं त्यास नेमकें गणिती रूप दिलें. तें असें: स्थानाचा विखुर व संवेगाचा विखुर यांचा गुणाकार एका ठराविक संख्येहून कधींही लहान असूं शकत नाहीं. ही संख्या म्हणजे प्लँक यांच्या स्थिरांकास वर्तुळाच्या 'पाय' या संख्येच्या चौपटीनें भागून येणारें फळ. प्लँकचा स्थिरांक किती लहान? किलोग्रॅम, मीटर व सेकंद या मापांत ६.६२६ या आंकड्यास एकावर चौतीस शून्यें मांडून होणाऱ्या संख्येनें भागावें, इतका. आणि येथें 'कांहींच निश्चित नाहीं' असें म्हणणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. २० मे १९१९ नव्हे, २०१९ पासून जगभर किलोग्रॅमची व्याख्याच या स्थिरांकावरून केली जाते. पूर्वीं पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा दंडगोल हें प्रमाण होतें. आतां अनिश्चिततेची मर्यादा सांगणारा हाच आंकडा प्रमाण मानला आहे. आपल्या वाण्याच्या तराजूंतील किलोसुद्धां अंतीं याच आंकड्याच्या आधारावर उभा आहे.

मग आपल्या नित्याच्या व्यवहारांत ही अनिश्चितता जाणवत कां नाहीं? हिशोब करून पाहूं. तांदळाच्या एका दाण्याचें वजन सुमारें वीस मिलिग्रॅम धरावें, व त्याचें स्थान मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शापर्यंत ठाऊक आहे असें समजावें. नियमाप्रमाणें त्याच्या वेगांत जी अनिश्चितता राहील ती इतकी क्षुल्लक आहे कीं, विश्वाच्या आरंभापासून आजवर, म्हणजे सुमारें १३८० कोटि वर्षें, ती सांचत गेली तरी त्या दाण्याच्या जागेंत मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढाच आणखी फरक पडेल. तेव्हां ज्यांस आपल्या धंद्यांतील, लग्नकार्यांतील किंवा परीक्षेंतील अनिश्चिततेचें खापर हायझेनबर्ग यांच्या माथीं फोडावयाचें असेल, त्यांनीं आधीं हा तांदुळाचा हिशोब पाहावा.

हाच हिशोब इलेक्ट्रॉनच्या बाबतींत केला कीं चित्र पालटतें. इलेक्ट्रॉन अतिशय हलका; आणि अणूच्या पोटांत त्यास मिळणारी जागा मिलिमीटरच्या एक कोटीव्या हिश्शाएवढी. एवढ्या जागेंत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या वेगाचा विखुर सेकंदास निदान ५८० किलोमीटरांच्या घरांत जातो! येथें अनिश्चितता ही किरकोळ बाब न राहतां घराचा आधारखांब होते. कारण असें कीं, इलेक्ट्रॉन ऋणभारित व अणूचें केंद्र धनभारित. दोहोंचें आकर्षण आहे, तर इलेक्ट्रॉन केंद्रावर कोसळत कां नाहीं? जुन्या पदार्थविज्ञानास या प्रश्नाचें उत्तर देतां येत नव्हतें. नवें उत्तर हें: इलेक्ट्रॉन केंद्राजवळ जितका आवळला जाईल, तितका त्याचा वेग विखुरतो, त्याची गतिशक्ति वाढते, आणि आकर्षणास ती तोलून धरते. या तोलामुळें अणूस आकार आहे. देवघरांतील तांब्याची लोटी हातीं धरली असतां ती हातांत राहते, मिटून जात नाहीं, याच्या मुळाशीं हा नियम आहे. ज्यास लोक अस्थैर्याचा नियम समजतात, त्याच्या बळावर सर्व पदार्थांचें स्थैर्य टिकून आहे.

आतां एका प्रचलित गैरसमजाकडे वळूं. शाळा-कॉलेजांतून हा नियम पुष्कळदां असा शिकवितात: इलेक्ट्रॉन पाहावयाचा तर त्यावर प्रकाश टाकावा लागतो, प्रकाशाच्या धक्क्यानें इलेक्ट्रॉन हलतो, म्हणून त्याचा संवेग कळत नाहीं. हायझेनबर्ग यांनीं स्वतः १९२७ सालीं सूक्ष्मदर्शकाचें असेंच उदाहरण दिलें होतें, त्यामुळें तें रूढ झालें. परंतु नियमाचा गाभा धक्क्यांत नाहीं. अगदीं एकसारख्या रीतीनें तयार केलेले एक हजार इलेक्ट्रॉन घ्यावे. पांचशेंचें केवळ स्थान मोजावें. उरलेल्या पांचशेंचा केवळ संवेग मोजावा. कोणत्याही एका इलेक्ट्रॉनवर दोन मापनें होत नाहींत, तेव्हां पहिल्यानें दुसरें बिघडविलें असें म्हणण्यास जागाच नाहीं. तरीही स्थानांच्या आंकड्यांचा विखुर व संवेगांच्या आंकड्यांचा विखुर यांचा गुणाकार त्या मर्यादेखालीं जात नाहीं. म्हणजे मापनापूर्वींच त्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थेंत दोन्ही गोष्टी एकदम नेमक्या असण्याची सोय नव्हती. धक्का लागतो हें खरें. त्याचा हिशोब वेगळा आहे, आणि जपानचे ओझावा यांनीं २००३ सालीं तो वेगळा मांडून दाखविला आहे. परंतु धक्का चुकविला म्हणून मर्यादा चुकत नाहीं.

स्थान व संवेग यांच्याखेरीज आणखीही अशा एकत्र न नांदणाऱ्या जोड्या आहेत. त्या ओळखण्याची खूण क्रमांत असते. स्वयंपाकघरांतील उदाहरण घ्यावें. दूध आधीं तापवून, कोमट करून मग विरजण लावलें तर दहीं होतें. विरजण आधीं लावून मग तापविलें तर दूध फाटतें. कृत्यें तींच, परंतु क्रम बदलला कीं फळ बदलतें. याउलट डाळींत मीठ आधीं घातलें काय कीं हळद आधीं घातली काय, फारसें बिघडत नाहीं. पुंजवादांत, म्हणजे ज्यास आपण क्वांटम सिद्धांत म्हणतों त्यांत, प्रत्येक मापनीय राशीस एक गणिती क्रिया नेमून दिलेली असते. ज्या दोन राशींच्या क्रियांचा क्रम बदलतांच फळ बदलतें, त्या दोन राशि सर्वसाधारणपणें एकदम निश्चित असूं शकत नाहींत. या क्रमभेदाचें महत्त्व आरंभींच ओळखणाऱ्यांत इंग्लंडचे डिरॅक हे अग्रगण्य होते. त्यांनीं १९५४-५५ च्या हिवाळ्यांत मुंबईस येऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या शास्त्रावर व्याख्यानमाला दिली होती. क्रमभेदावरून विखुरांची मर्यादा काढण्याचें सर्वसाधारण सूत्र मात्र १९२९ सालीं रॉबर्टसन यांनीं मांडलें.

क्रमभेदाचा प्रयोग घरींही करतां येतो. पोलरॉइडच्या तीन पातळ कांचा घ्याव्या. चकाकी मारणारे विशिष्ट काळे चष्मे मिळतात, त्यांच्या कांचाही चालतील. पहिली कांच केवळ उभ्या दिशेनें कंप पावणारा प्रकाश जाऊं देते असें समजा. तिच्यापुढें दुसरी कांच आडवी धरली कीं सर्व अंधार. उभ्यांतून आडवें निघणार कोठून? आतां दोहोंच्या मध्यें तिसरी कांच तिरपी, म्हणजे पंचेचाळीस अंशांत, सरकवावी. अडथळा वाढला, तेव्हां अंधार अधिक व्हावा. पण होतें उलट. प्रकाश पुन्हा दिसूं लागतो! कांचा निर्दोष असतील तर पहिल्या कांचेंतून निघालेल्या प्रकाशाचा चौथा हिस्सा पलीकडे पोंचतो. कारण "उभा कीं आडवा?" आणि "उजवीकडे तिरपा कीं डावीकडे तिरपा?" हे दोन प्रश्न एकत्र न नांदणारे आहेत. मधल्या कांचेनें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर निश्चित करून घेतलें, त्यासरशीं पहिल्या प्रश्नाचें जुनें उत्तर पुसलें गेलें.

या कांचांच्या प्रयोगांत जुन्या सूत्राचें एक वैगुण्यही दिसून येतें. प्रकाशकण निश्चितपणें उभा असेल तर पहिल्या प्रश्नाचा विखुर शून्य. शून्यास कशानेंही गुणिलें तरी शून्यच. म्हणून गुणाकाराचें सूत्र येथें मुकें होतें. वास्तविक दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अशा वेळीं निव्वळ अर्धें-अर्धें, म्हणजे पराकाष्ठेचें अनिश्चित असतें. एकत्र कुटुंबांतील दोन भावांच्या कर्जांचा गुणाकार करून घराची स्थिति पाहावी तसला हा प्रकार. एकाचें कर्ज शून्य असलें कीं गुणाकार शून्य; मग दुसरा भाऊ गळ्याइतका बुडालेला कां असेना! शहाणा कर्ता पुरुष अशा वेळीं बेरीज करतो.

नेमकी ही बेरजेची वाट २०१४ सालीं इटलींतील पाव्हिया येथील लोरेंझो माक्कोने व आपल्याकडील अरुणकुमार पती यांनीं काढली. पती हे त्या वेळीं अलाहाबादच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेंत होते. त्यापूर्वीं अनेक वर्षें मुंबईनजीक ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत त्यांनीं काम केलें होतें. या दोघांनीं दोन विखुरांच्या वर्गांची बेरीज घेतली, आणि असें सिद्ध केलें कीं, जोंवर दोन्ही राशि त्या अवस्थेंत एकदम निश्चित नाहींत, तोंवर बेरजेची मर्यादा शून्य होत नाहीं. म्हणजे जेथें जुनें सूत्र गप्प बसतें तेथेंही नवें सूत्र बोलतें. २०१६ सालीं चिनी संशोधकांनीं प्रकाशकणांवर प्रयोग करून तें पडताळून पाहिलें. सत्त्याऐंशी वर्षांपूर्वींच्या नियमास अशी पुरवणी जोडली गेली ती तो डळमळीत होता म्हणून नव्हे. त्याची धार अधिक तीक्ष्ण करतां येत होती म्हणून.

एवढें सर्व खरें, पण याचा उपयोग काय, असें आमच्या वाचकभगिनी विचारतील, व तो प्रश्न रास्तच आहे. त्याचें उत्तर देण्यास मराठवाड्यांत जावें लागेल. हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र सर्वांस परिचित आहे. त्या परिसरांत गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारनें एप्रिल २०२३ मध्यें २६०० कोटि रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही या कार्यांतील प्रमुख संस्थांपैकीं एक. तेथील संजीव धुरंधर यांनीं अशा लहरींचा क्षीण संकेत गोंगाटांतून कसा निवडावा याचें गणित १९९० च्या सुमारासच हातीं घेतलें होतें.

अमेरिकेंत अशा दोन वेधशाळा आहेत. काटकोनांत बसविलेल्या चारचार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. त्यांच्या टोंकांस चाळीस किलो वजनाचे आरसे. आणि मधून जाऊन परतणारा लेसरचा प्रकाश, अशी त्यांची रचना. दूरवरच्या कृष्णविवरांच्या टकरीनें उठलेली लहर पृथ्वीवरून गेली कीं एक नळी किंचित लांबते व दुसरी आंखूड होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं जी पहिली लहर सांपडली, तिनें घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान होता. एवढें सूक्ष्म मोजावयाचें म्हटल्यावर प्रकाशाचा स्वतःचा विखुर आडवा येतो. प्रकाशलहरीचा ठेका आणि तिचा जोर या दोन राशि एकत्र न नांदणाऱ्या आहेत. दोन्ही एकदम नेमक्या करतां येत नाहींत.

शास्त्रज्ञांनीं येथें काय केलें? मर्यादा मोडण्याचा हट्ट त्यांनीं धरला नाहीं, आणि हात जोडून बसलेही नाहींत. मर्यादा गुणाकाराची आहे ना? मग ज्या राशीवर मापन अवलंबून आहे तिचा विखुर दाबावा, व जिची सध्यां गरज नाहीं तिचा वाढूं द्यावा. अशा दाबलेल्या प्रकाशाचा उपयोग त्या दोन्ही वेधशाळांत २०१९ पासून होऊं लागला, आणि लहरी सांपडण्याचें अपेक्षित प्रमाण एका ठिकाणीं शेंकडा ४० नें तर दुसऱ्या ठिकाणीं शेंकडा ५० नें वाढलें. परंतु जोर अधिक विखुरल्यामुळें आरशांस बसणारे बारीक धक्के वाढले, व मंद लहरी टिपतांना ते नडूं लागले. म्हणून २०२३ पासून तीनशें मीटर लांबीची एक निराळी नळी जोडली आहे. तिच्या योगें जलद कंपनांसाठीं ठेक्याचा विखुर दाबला जातो व मंद कंपनांसाठीं जोराचा. घरांत एकच गोधडी असली तर सुगृहिणी ज्यास थंडी अधिक वाजते त्याच्या अंगावर ती ओढते. गोधडी वाढत नाहीं, पण झोंप सर्वांची होते. औंढ्याची वेधशाळा याच जातीची आहे. ती कामास लागेल त्या दिवशीं अनिश्चिततेचा नियम महाराष्ट्राच्या मातींत राबूं लागेल.

आतां आरंभींच्या वाक्याकडे पाहूं. "शास्त्रच म्हणतें कांहीं निश्चित नाहीं, म्हणून सर्व माया," असें म्हणणारांचा हेतु बहुधा आदराचा असतो. हायझेनबर्ग १९२९ सालीं हिंदुस्थानांत आले होते, कलकत्त्यास रवींद्रनाथांस भेटले होते, ही हकीकतही त्या पुष्ट्यर्थ सांगितली जाते. भेट झाली हें खरें. परंतु नियम प्रसिद्ध झाला १९२७ सालीं, भेटीपूर्वीं दोन वर्षें. अद्वैत वेदान्तास स्वतःचें तर्कशास्त्र व स्वतःची परंपरा आहे. त्यास इलेक्ट्रॉनच्या साक्षीची गरज नाहीं. तशी साक्ष काढणें हा वेदान्ताचाही अपमान व शास्त्राचाही.

ज्योतिषाची गोष्ट याहून सोपी आहे. नियम सांगतो तो निसर्गांतील विखुराचा नेमका आंकडा. तो आंकडा ग्रहगोलांच्या बाबतींत तांदुळाच्या दाण्याहूनही अगणित पटींनीं क्षुल्लक आहे. ग्रहणाचा क्षण पंचांगांत आगाऊ छापतां येतो तो यामुळेंच. मग त्या नियमावरून कुंडलीस पाठबळ कसें मिळणार? आणि पदकें, लॉकेटें व उपचार विकणाऱ्यांस तर एकच प्रश्न विचारावा: "आपल्या वस्तूंत कोणत्या दोन राशींचा विखुर किती झाला, आणि तो कोणीं मोजला?" आंकडा मिळाला नाहीं तर पाकीट खिशांतच ठेवावें. आजारी माणसाच्या घरीं हा प्रश्न विचारण्याचें धैर्य दाखविल्यास पैसाच काय, कधीं कधीं औषधोपचाराचा मोलाचा वेळही वांचेल.

पदार्थविज्ञानानें माणसास अनेक नियम दिले. परंतु स्वतःच्या ज्ञानाची सीमा आंकड्यांत सांगणारा असा नियम विरळा. मला ठाऊक नाहीं असें कोणीही म्हणूं शकतो. किती ठाऊक होऊं शकतें, कोठवर होऊं शकतें, आणि त्या हद्दीच्या आंत काय काय साधतां येतें, हें मोजून सांगण्यास फार मोठी बुद्धि व फार मोठा प्रामाणिकपणा लागतो. तेव्हां घरांतील नातू पुढल्या खेपेस या विषयावर बोलूं लागला, तर वडील मंडळींनीं त्यास "तुमच्या शास्त्रालाच कांहीं कळत नाहीं" असें म्हणून गप्प बसवूं नये. त्याच्यापुढें पाटीपेन्सिल ठेवावी, आणि तांदुळाचा तो हिशोब त्याच्याकडूनच करून घ्यावा.